पेरणीपासून ताटापर्यंत : शेतकरी कुटुंबातील मुलांचा आहार

शेतकरी कुटुंबाच्या आहाराचा विचार बहुधा चुलीपासून सुरू केला जातो. गृहिणीने काय शिजवावे, कसे शिजवावे, मुलांना किती वेळा भरवावे, याविषयी पुष्कळ सूचना दिल्या जातात व त्या योग्यही असतात. परंतु चुलीवर जे चढते ते त्याच दिवशी सकाळी ठरलेले नसते. त्यातील बराच भाग मृगाच्या सुमारास, तिफण शेतात जाते तेव्हाच ठरून गेलेला असतो. आणि उरलेला भाग माल खळ्यावरून बाजारात जातो त्या दिवशी ठरतो. म्हणून या लेखात आहाराचा विचार शेतापासून करावयाचा आहे.

मराठवाडा व पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतीचे उदाहरण घेऊ. पूर्वी या भागात खरिपाच्या ज्वारीत तुरीच्या ओळी असत. मूग, उडीद, मटकी, चवळी यांचे पाटे असत. कडेने अंबाडी, तीळ, कारळे असत. एकाच शेतातून भाकरी, वरण, उसळ, भाजी व चटणी घरात येत असे. आज त्याच जमिनीवर बहुतांशी सोयाबीन व कापूस उभा असतो. यात शेतकऱ्याचा दोष काढण्याचे कारण नाही. बी-बियाणे, औषधपाणी, मुलांचे शिक्षण व लग्नकार्य यांना रोख पैसा लागतो आणि तो या पिकांतून मिळतो. तथापि कापूस खाता येत नाही, व सोयाबीन जवळजवळ सर्वच तेलगिरणीकडे जाते. परिणामी ज्याच्या शेतात धान्याची रास पडते त्याच्या घरी डाळ मात्र दुकानातून पाव पाव किलोने येते. आणि पाव किलोने आणलेली डाळ पातळच शिजते.

पातळ वरणाचा परिणाम लगेच दिसत नाही. मूल हसते, खेळते, पोट भरल्यासारखे दिसते. फक्त त्याची उंची व वजन वयाबरोबर वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी व ३६ मुले कमी वजनाची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण तर जवळजवळ ६९ टक्के होते. ही सर्व मुले भूमिहीनांची नाहीत. त्यांत सातबारा असलेल्या घरांतील मुलेही आहेत, आणि आपला विषय तीच होत.

वर्षाला डाळ किती लागते?

बैलजोडीस किंवा दुभत्या म्हशीस वर्षाला कडबा किती लागेल, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास तोंडपाठ असतो. घरातील माणसांना डाळ किती लागेल, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो एकदा मांडून पाहू.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांसाहारी कुटुंबात त्यातील काही भाग अंडी, मासे वा मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम तेलबिया व कठीण कवचाची फळे आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. आता समजा, घरात नवरा-बायको, एक वृद्ध आई व आठ आणि तीन वर्षांची दोन मुले आहेत. मोठ्या दोघांचे १७० ग्रॅम, आजीचे ६० व मुलांचे मिळून ७० ग्रॅम धरले तर दिवसाला ३०० ग्रॅम डाळी-कडधान्ये लागतात. वर्षाचे होतात जवळजवळ ११० किलो. म्हणजे एक क्विंटलहून थोडे अधिक.

हा आकडा ऐकून पुष्कळ शेतकऱ्यांस आश्चर्य वाटेल, कारण घरात ठेवलेली तूर बहुधा याच्या निम्मीही नसते. पण क्विंटलभर डाळ शेतातून काढणे अवघड नाही. एक क्विंटल तुरीपासून साधारणपणे ६५ ते ७५ किलो डाळ पडते. तेव्हा ६५ किलो तूर (तिची सुमारे ४५ किलो डाळ), २५ किलो मूग, ३० किलो हरभरा आणि १० किलो मटकी व चवळी एवढे घरी राहिले की पाच माणसांची वर्षाची सोय झाली. सर्व मिळून ही दीड पोती देखील होत नाहीत. कोरडवाहू जमिनीत एवढे उत्पन्न अर्ध्या-पाऊण एकरातून निघते. आणि स्वतंत्र अर्धा एकर देण्याचीही गरज नाही. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, किंवा कापसाच्या दोन ओळींमध्ये मुगाची एक ओळ, ही आंतरपिके सर्वत्र शिफारस केलेली आहेत. मूग साठ-सत्तर दिवसांत निघून जातो, तोपर्यंत कापूस पसरलेला नसतो. तुरीचा पाला जमिनीवर पडतो. पाऊस अर्ध्यावर गेला तर एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते.

तेलबियांचाही असाच हिशेब करावा. वरील कुटुंबास शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे मिळून वर्षाला पंचेचाळीस-पन्नास किलो लागतील. तीळ व कारळे यांच्यासाठी निराळे शेत लागत नाही. एखादी कडेची पट्टी पुरते. न सोललेल्या तिळात चुना (कॅल्शियम) दुधाच्या कित्येक पट असतो. ज्या घरात दूध कमी, त्या घरात तिळाची व कारळ्याची चटणी मुलांच्या भाकरीवर रोज असावी. मुलांसाठी तिखट तेवढे कमी घालावे.

येथे रेशनच्या धान्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते व १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाते. दिवसाला हे माणशी १६५ ग्रॅमच्या आसपास पडते. ज्या घरांना ते मिळते तेथे तृणधान्याचा अर्ध्याहून अधिक प्रश्न सुटलेला असतो. मग घरच्या जमिनीवर काय घ्यावे? जे रेशनच्या दुकानात मिळत नाही ते: तूर, मूग, शेंगदाणा, भाजी. ज्वारी-बाजरी सोडून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. बाजरीत लोह तांदळापेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि कडब्यावाचून जनावरे जगत नाहीत.

सोयाबीनविषयी थोडे. त्यात प्रथिने इतर कडधान्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत, परंतु ते कच्चे दळून खाणे योग्य नाही. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन होऊ देत नाही व ते उष्णतेनेच नष्ट होते. स्वच्छ सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, पाणी टाकून द्यावे, उन्हात कडकडीत वाळवावे आणि नऊ किलो गहू किंवा ज्वारीस एक किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावे. भाकरीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. पेरणीनंतर उरलेले, बीजप्रक्रिया केलेले बियाणे मात्र कितीही धुतले तरी खाण्यात आणू नये.

शेतातील भाजी

पिकाच्या मशागतीतूनच भाजी मिळते, हे आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना चांगले ठाऊक आहे. हरभरा पेरल्यानंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी शेंडे खुडले असता झाडास फुटवे अधिक येतात व घाटे वाढतात. खुडलेल्या शेंड्यांची भाजी घरी येते, उरलेली वाळवून ठेवता येते. करडईची विरळणी पंधरा-वीस दिवसांनी करावीच लागते. तीही भाजीच होय. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी या भाज्या न पेरता उगवतात. पूर्वी खुरपणीहून परतणाऱ्या बाईच्या ओट्यात त्या असत. आज तणनाशकामुळे त्या दिसेनाशा होत आहेत, आणि जेथे दिसतात तेथे दुसरा धोका आहे. ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले आहे तेथील पालेभाजी आणू नये. हरभऱ्याचे व करडईचे शेंडेही फवारणीपूर्वीच खुडावेत. घराजवळचा एखादा तुकडा, निदान बांधाची एक बाजू, कायम फवारणीविना राखणे हा यावर साधा उपाय आहे.

सांडपाण्यावर शेवग्याची दोन झाडे, एक पपई, एक लिंबू व एक कढीपत्ता एवढे लावले तरी पुष्कळ काम होते. शेवग्याच्या शेंगा आपण खातो व पाला शेळ्यांना घालतो. वस्तुतः पाला शेंगांहून अधिक सकस आहे. लिंबाचे महत्त्व निराळे आहे. पालेभाजी व डाळीतील लोह शरीरास सहज मिळत नाही. त्याबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा कैरी असली तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर शोषण कमी होते. लहान मुलांना सकाळी चहा-बटर देऊन शाळेत पाठविण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. ती मोडणे जड जाईल. पण चहा मोठ्यांचा व भाकरीचा काला मुलांचा, एवढी वाटणी तरी व्हावी.

लहान पोट, घट्ट अन्न

पहिले सहा महिने मुलास आईच्या दुधाखेरीज काहीही नको. पाणी, मध, घुटी यांपैकी काहीच नको. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे व आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. बहुतेक मुले येथूनच मागे पडू लागतात. याचे मुख्य कारण म्हणजे वरणाचे पाणी, भाताची पेज व पातळ खिमट हेच बाळाचे अन्न होय, अशी समजूत. आठ-दहा महिन्यांच्या मुलाच्या पोटात एका वेळी वाटीभरच अन्न मावते. ती वाटी पाण्याने भरली तर मूल तृप्त दिसेल, पण त्यास बळ मिळणार नाही. अन्न इतके घट्ट असावे की चमचा तिरका केला असता ते ओघळून पडू नये.

सुरुवातीस दोन-तीन चमचे अन्न दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे व आठव्या महिन्याअखेर ते अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलास अर्धी वाटी तीन-चार वेळा, आणि वर्ष ते दोन वर्षांच्या मुलास पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा व मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. येथे वाटी म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी मावेल एवढी मोठी वाटी समजावी. प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे. तेलामुळे अन्न मऊ होते व थोड्या आकारमानात उष्मांक वाढतात.

अन्न कोणते? ज्वारी किंवा तांदूळ तीन भाग व मुगाची डाळ एक भाग, दोन्ही वेगवेगळी भाजून, दळून डब्यात ठेवावीत. शिजविताना त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट व एखाद्या पालेभाजीची पाने घालावीत. तृणधान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, व डाळीतील उणे तृणधान्य. म्हणूनच खिचडी, वरणभात, भाकरी व पिठले या आपल्या जोड्या जुळलेल्या आहेत. अंडे चालत असेल तर तेही सहा महिन्यांनंतर, चांगले शिजवून, देता येते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र चार वर्षांच्या आतील मुलास देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

घट्ट अन्न बाळ गिळत नाही, अशी तक्रार आया करतात व ती खरी असते. यावर मोड आणलेल्या धान्याचा उपाय आहे. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्यावेत. मग उन्हात वाळवून, मोड चोळून काढून दळावे. भाजू नये किंवा अगदी हलके भाजावे, कारण जास्त भाजल्यास त्यातील गुण जातो. शिजवून कोमट झालेल्या घट्ट खिमटात या पिठाचा एक लहान चमचा ढवळला असता ते पाच-दहा मिनिटांत सैल होते. मग एक उकळी आणून भरवावे. पाणी न वाढविता अन्न पातळ होते, हा त्यातील फायदा. यासाठी ज्वारीला मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्वारीच्या मोडांतही तेच विष तयार होते.

दुकानातील पुडा

आता मुख्य अडचणीकडे वळू. खुरपणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी आठला घर सोडते व दिवस मावळताना परतते. मूल आजीजवळ किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ असते. ते रडले की दुकानातून बिस्किटांचा किंवा कुरकुऱ्यांचा पुडा येतो. आईला आहाराचे ज्ञान नाही म्हणून पुडा येतो, असे समजणे चूक आहे. तिच्याजवळ वेळ नाही, घरात शिजलेले काही नाही व पुडा लगेच हातात देता येतो, म्हणून तो येतो. तेव्हा नुसते ‘पुडा देऊ नका’ असे सांगून काही साधत नाही. तितकेच हाताशी असणारे दुसरे काही घरात लागते.

पुड्यात काय आहे हे पाहण्याची सोय त्याच्यावरच असते. नियमाप्रमाणे घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. जे सर्वांत अधिक ते पहिले. स्वस्त बिस्किटांवर बहुधा मैदा, साखर व पाम तेल ही तीन नावे आरंभी दिसतील. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास असते, व बटाट्याच्या वेफर्समध्ये सुमारे एक तृतीयांश भाग तेल असते. शिवाय मीठ निराळे. प्रथिनांची तुलनाही करून दाखवावी. पन्नास ग्रॅम बिस्किटांत ती साडेतीन ग्रॅमच्या आसपास, तर पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅमच्या आसपास असतात. किमती गावोगाव निराळ्या असल्याने त्या येथे दिलेल्या नाहीत. कार्यकर्त्याने त्याच गावच्या दुकानात जाऊन तेवढ्याच पैशांत किती फुटाणे, किती शेंगदाणे, किती केळी येतात ते लोकांसमोर मोजावे. छापील अक्षरे बारीक व बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवावीत. शाळेतील मुलांना हे काम फार आवडते.

हाताशी ठेवण्याजोगे पदार्थ आपल्याकडे कमी नाहीत. भाजलेल्या गहू-हरभऱ्याचे सातूचे पीठ दोन-तीन आठवडे टिकते. आजीला ते ताकात किंवा दुधात कालवून देणे पुड्याइतकेच सोपे जाते. दाण्याचे कूट व गूळ यांचे लाडू, चार वर्षांवरील मुलांसाठी गूळ-शेंगदाणे, चुरमुरे-फुटाणे, सकाळी थापलेले धपाटे, उकडलेले अंडे, हंगामातील बोरे, पेरू, सीताफळ यांपैकी काहीही चालेल. गूळ थोडाच घालावा. त्याला साखरेहून निराळे मानण्याचे फारसे कारण नाही, आणि दोन वर्षांच्या आतील मुलास वरून घातलेली साखर किंवा गूळ नकोच. बुरशी धरलेले, काळे पडलेले अथवा कडू शेंगदाणे कुटात ढकलून देऊ नयेत. त्या बुरशीचे विष यकृताची हानी करते व भाजल्याने नाहीसे होत नाही.

दुधाचेही असेच. डेअरीची किटली भरल्यावर जे उरेल ते मुलांना, या क्रमाने बहुधा काहीच उरत नाही. वर्षावरील प्रत्येक मुलामागे पाव लिटर दूध आधी काढून ठेवावे व मग किटली भरावी.

शेवटची पंगत

आधी पुरुष व पाहुणे, मग मुले, मग सासू व सर्वांत शेवटी सून, या क्रमाने जेवण होते तेथे वरणातील डाळ वर आणि पाणी खाली, असे वाटप होते. सून गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिच्या वाट्याचे उणे थेट बाळाकडे जाते. एकत्र जेवावयास बसणे हा चांगला मार्ग आहे. ते शक्य नसेल तर स्वयंपाक उतरताच तिचा व लहान मुलाचा वाटा निराळा काढून झाकून ठेवावा. मुलाचे ताटही निराळे असावे. एका ताटात तीन भावंडे जेवतात तेव्हा धाकट्याने किती खाल्ले हे कोणालाच कळत नाही. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार हा पूरक आहार आहे. तो घरच्या जेवणाच्या बदली धरू नये.

रक्तक्षय आहारानेच बरा होईल, असे आश्वासन कार्यकर्त्याने देऊ नये. मूल फिकट दिसत असेल, खेळताना दमत असेल किंवा दोन-तीन महिने वजन वाढले नसेल तर त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे. लोहाचे औषध व जंतनाशक गोळी तेथे मिळते.

कार्यकर्त्यांसाठी

आहाराची बैठक म्हटली की स्त्रियांना बोलाविले जाते. त्या येतात, ऐकतात, मान डोलावतात व घरी जातात. आणि घरात तूर नसते. काय पेरावयाचे व किती विकावयाचे हे ठरविणारा माणूस त्या बैठकीत नसतोच. म्हणून वर्षातून दोन बैठका पुरुषांबरोबर, पारावर किंवा सोसायटीच्या ओट्यावर घ्याव्यात. एक मे महिन्यात, बियाणे आणण्यापूर्वी. दुसरी जानेवारीत, तूर खळ्यावर येण्याच्या सुमारास. पहिल्या बैठकीत प्रत्येक घराचा डाळीचा हिशेब वर दाखविल्याप्रमाणे मांडावा. माणसे सांगावीत शेतकऱ्याने व गुणाकार करावा कार्यकर्त्याने. प्रथिने, जीवनसत्त्वे हे शब्द तेथे न वापरले तरी चालतील. दुसऱ्या बैठकीत विक्रीपूर्वी किती माल राखला ते विचारावे. स्त्रियांच्या बैठकीत ‘मुलास काय द्यावे’ यापेक्षा ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाने काय खाल्ले’ हे विचारणे अधिक उपयोगी पडते. उत्तर ऐकून लगेच चुका काढू नयेत.

घरची तूर व मूग व्यापाऱ्याचा काटा येण्यापूर्वीच निराळ्या पोत्यांत भरून, शिवून आत ठेवावेत. खळ्यावर उघडी राहिलेली रास भाव चांगला मिळाला की सगळीच जाते. साठविण्यापूर्वी धान्य दातांखाली कट्ट फुटेल इतके वाळवावे. तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात फिरविला असता भुंगा लागत नाही. अख्ख्या मुगास व मटकीस चाळलेली कोरडी राख चोळून पत्र्याच्या कोठीत भरावे. कोठी भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावी, आणि पावसाळ्यात कडक ऊन पडेल त्या दिवशी ती एकदा उघडून पाहावी.